स्त्री-वाचकांना भावेल अशी शृंगारकथा: लिहिताना नक्की काय बदलतं?

अर्धविराम (धागाकर्ता)

मंडळी, टोपणनावाने शृंगारकथा लिहितो. पिवळ्या पुस्तकांतला माल नाही. माणसं आहेत, गोष्ट आहे आणि शरीरंही आहेत, अशा कथा. पुरुष-वाचक भरभरून कळवतात. बायका वाचतात एवढं समजतं, पण कळवत काहीच नाहीत. एका वाचक मैत्रिणीला खोदून विचारलं तेव्हा ती म्हणाली, "वर्णन छान आहे रे, पण त्या खोलीत मला जागाच नव्हती."

तर प्रश्न असा: बायकांना आवडणारं शृंगारिक लेखन खरंच वेगळं असतं का, आणि असलं तर कशात? भावना हव्यात, हळुवारपणा हवा, मेणबत्त्या हव्यात, ही उत्तरं ऐकून झाली आहेत. प्रत्यक्ष लिहिताना वाक्यात काय बदलतं ते सांगा. पुरुष सदस्यांनीही लिहा, पण "आमच्या हिला काय आवडतं" यापेक्षा जरा पुढचं.

गुपचूप_वाचक

वाचतेय. (कळवत नाहीत त्या गटातली.)

ओलीशाई

मैत्रिणीने नेमकं सांगितलंय तुम्हाला. बहुतेक पुरुष-लेखकांच्या कथेत खोलीत एक अदृश्य कॅमेरा असतो आणि तो कायम तिच्यावर रोखलेला असतो. कथा तिच्या तोंडून सांगितली तरी कॅमेरा हलत नाही. ती आरशासमोर उभी राहते आणि स्वतःच्याच छातीचं, कमरेचं, मांड्यांचं वर्णन करते. कोण करतं असं? आरशासमोर उभी राहिलेली बाई केसात अडकलेली पिन शोधत असते, नाहीतर दुसरंच काहीतरी डोक्यात असतं.

तिच्या नजरेतून लिहायचं तर आधी ती काय *बघते* ते ठरवा. त्याने बाही दुमडलेली असते तेव्हा मनगटापासून कोपरापर्यंतचा भाग. फोनवर कोणाशी तरी बोलताना बदललेला त्याचा आवाज. ती बोलत असताना त्याने हातातलं काम थांबवलं, ते. आपल्याला कोणीतरी पूर्ण लक्ष देऊन बघतंय हे जाणवणं प्रचंड उत्तेजक असतं, आणि आपण कोणाकडे तरी तसं बघत राहू शकतो हे त्याहून जास्त. तुमच्या नायकांना चेहरा तरी असतो का? मी वाचलेल्या निम्म्या कथांत नायक म्हणजे फक्त "तो पिळदार" एवढंच.

दुसरं, तिला काहीतरी हवं असू द्या. नुसतं तिला कोणीतरी हवंसं समजणं पुरत नाही.

ढ_विद्यार्थी

पिन शोधणाऱ्या नायिकेवर कादंबरी आली तर आगाऊ नोंदणी माझी.

तिरकी_रेघ

ओलीशाईच्या कॅमेऱ्याला +१. पण धागा "बायकांना सूचक आवडतं, पुरुषांना थेट" या वळणावर जायच्या आत सांगते: हे थोतांड आहे.

इंटरनेटवरचं फॅनफिक्शन बघा, म्हणजे आवडत्या पुस्तकांतली-मालिकांतली पात्रं घेऊन चाहत्यांनी लिहिलेल्या कथा. लिहिणाऱ्या आणि वाचणाऱ्या मुख्यतः बायका, आणि तिथे जे काही लिहिलं जातं त्यापुढे तुमचे पिळदार वगैरे लाजून पळतील. 'आर्काइव्ह ऑफ अवर ओन' हे संकेतस्थळ 2009 पासून वाचकांसाठी खुलं आहे. तिथली टॅग लावायची पद्धत नीट पाहा. पात्रं कोणती, नातं कसलं, किती थेट, कुठला प्रकार, शेवट सुखाचा की नाही, सगळं कथेच्या आधीच मांडलेलं असतं. वाचणारीला थेटपणाचं वावडं नाही. आपण काय उघडतोय हे तिला आधी माहीत हवं असतं, आणि नको असेल तर बंद करता यायला हवं. तिला कळ्याफुलं दाखवत फिरवू नका.

पानगळ

तिरकी_रेघ, फॅनफिक्शनमध्ये एक सोय असते, ती विसरलात. पात्रं वाचकाच्या ओळखीची असतात. त्यांच्यातला ताण आधीच वर्षानुवर्षं साठलेला असतो, त्यामुळे लेखिका पहिल्या ओळीपासून थेट जाऊ शकते. धागाकर्त्याला ती पुंजी स्वतःच साठवायची आहे. म्हणून मला थेट की सूचक यापेक्षा *उशीर* महत्त्वाचा वाटतो. जुन्या काव्यशास्त्राने शृंगाराचे संभोग आणि विप्रलंभ असे दोन भाग केले, आणि कवींनी जीव ओतला तो मुख्यतः दुसऱ्यात. भेट झालेली नाही, होईल की नाही ठाऊक नाही, आणि प्रत्येक साधी हालचाल त्या न झालेल्या भेटीने भारलेली.

तिरकी_रेघ

पुंजीचा मुद्दा मान्य. पण उशीर म्हणजे वीस पानं हवापाण्याच्या गप्पा नव्हेत. काहीजण तेच करतात आणि त्याला "बिल्डअप" म्हणतात.

खडूस_संपादक

संपादनाच्या कामात असं लेखन बरंच हाताखालून जातं, म्हणून लिहितो.

अनाईस निन या लेखिकेचा किस्सा या विषयावर काढायलाच हवा. 1940 च्या दशकाच्या सुरुवातीला ती आणि तिच्या ओळखीचे काही लेखक एका अज्ञात संग्राहकासाठी पानाला एक डॉलर या दराने कामुक मजकूर लिहून देत. त्याचा निरोप येई: कविता गाळा, फक्त शरीरसंबंधाचं लिहा. निन त्यावर वैतागली होती. भावना, मत्सर, कल्पना, लहर हे सगळं काढून टाकलं की उरलेलं कंटाळवाणं होतं, असं तिचं म्हणणं. ते लेखन तिच्या मृत्यूनंतर 1977 मध्ये पुस्तकरूपाने आलं आणि खूप वाचलं गेलं. गंमत म्हणजे गिऱ्हाइकासाठी लिहितानाही तिला स्वतःचा आवाज पुरता दाबता आला नव्हता, हे तिलाच नंतर वाचताना जाणवलं.

मात्र "कविता हवी" याचा अर्थ उपमा हव्यात असा घेऊ नका. ब्रिटनमधल्या 'लिटररी रिव्ह्यू' या मासिकाने 1993 पासून कादंबऱ्यांतल्या वाईट कामदृश्यांसाठी एक थट्टेचा पुरस्कार सुरू केला. त्यात नावाजलेले लेखकही सापडत, आणि घात बहुतेकदा उपमांनी केलेला असे. ज्वालामुखी, लाटा, घोडे, विजा. वाचणारी एका शरीरात रमलेली असते आणि तुम्ही तिला उचलून भूगोलाच्या तासाला नेऊन बसवता.

माझी कसोटी साधी आहे. शय्यादृश्य काढून टाकलं आणि कथा तशीच पुढे गेली, तर ते दृश्य फुकट आहे. दोघांमध्ये काहीतरी बदललं पाहिजे. कोणी काही कबूल केलं, कोणाचा वरचष्मा गेला, कोणाला समजलं की हे आता नुसती मजा राहिलेली नाही. मग ते दृश्य कितीही थेट असो, वाचलं जातं.

ढ_विद्यार्थी

भूगोलाचा तास =)) =))

आमच्या वेळी ज्वालामुखीवर हमखास प्रश्न यायचा.

सावनी_क

मला वेगळीच अडचण आहे, भाषेची. एकीकडे शिव्यांमधले शब्द, दुसरीकडे वैद्यकाच्या पुस्तकातले, आणि मधे "उन्नत", "कमनीय", "रतिक्रीडा" यांचं संस्कृत प्रदर्शन. तिन्हींनी मूड जातो. यावर कोणी तोडगा काढलाय का?

ओलीशाई

सावनी, मी अवयवांची नावं जवळपास टाळते आणि क्रियापदांवर भर देते. ओढलं, थांबवलं, दाबून धरलं, सोडलं, पुन्हा घेतलं. मराठी क्रियापदं फार कामाची आहेत. "तिने त्याचा हात खाली नेला" यात सगळं येतं, कोशाची गरज पडत नाही. आणि पात्र जसं एरवी बोलतं तसंच तिथेही बोलू दे. दिवसभर टपोरी बोलणारी बाई अंधारात अचानक "प्राणनाथ" म्हणायला लागली तर मी पुस्तक मिटते.

खडूस_संपादक

"प्राणनाथ" मीही एका हस्तलिखितात पाहिलाय. नायक संगणक अभियंता होता.

मधला_बाक

अवांतर वाटेल, पण थोडी विज्ञानाची बाजू. लैंगिकतेवर संशोधन करणाऱ्या किन्सी इन्स्टिट्यूटमध्ये जॉन बँक्रॉफ्ट आणि एरिक यान्सन यांनी 1990 च्या दशकात एक प्रारूप मांडलं: कामोत्तेजनेत एक यंत्रणा चेतवणारी आणि दुसरी आवरणारी, सोप्या शब्दांत अ‍ॅक्सिलरेटर आणि ब्रेक. दोन्हींची संवेदनशीलता माणसागणिक वेगळी, आणि सरासरी पाहिली तर स्त्रियांमध्ये ब्रेक जास्त हळवा आढळतो. सरासरी म्हणतोय, प्रत्येक बाई नव्हे. 2000 साली रोझमेरी बॅसन यांनी आणखी एक मुद्दा मांडला: इच्छा नेहमी आधी येते असं नाही. पुष्कळदा जवळीक सुरू होते, शरीर प्रतिसाद देतं आणि इच्छा त्यामागून जागी होते.

लेखकाला यात एक सरळ सूचना दिसते. बहुतेक कथा नुसता अ‍ॅक्सिलरेटर दाबत बसतात. अजून सुंदर, अजून पिळदार, अजून मोठं. ब्रेकवर पाय कोणाचा आहे ते बघतच नाहीत. दाराला कडी लागली आहे का? उद्या हा चारचौघांत कसा वागेल? माझं शरीर त्याला उजेडात आवडेल का? डोक्यात अर्धवट राहिलेलं काम घोळतंय. हे ब्रेक कथेत आणा आणि एकेक करून सुटू द्या. तो सुटण्याचा क्षणच कथेतला गरम क्षण असतो.

सावनी_क

प्रतिसाद फार आवडला. खरंच, माझ्या सगळ्यात आवडत्या कथेत नायक फक्त कडी लावतो आणि म्हणतो, "घाई नाहीये." पुढचं फारसं आठवतही नाही.

कोपऱ्यातला_वाचक

पण मग हल्ली प्रत्येक पायरीला "चालेल ना?" विचारणारे नायक आलेत त्याचं काय? संमती हवीच, त्यावर वाद नाही. पण वाचताना कचेरीत अर्ज भरल्यासारखं वाटतं. कृपया येथे सही करा, आता दुसऱ्या प्रतीवर.

तिरकी_रेघ

कारण लेखकाने ती संमती कर्तव्य म्हणून घातलेली असते. "काय हवंय तुला? तोंडाने सांग" हाही संमतीचाच प्रश्न आहे, आणि तो बरोबर जागी आला तर पान पेटतं. हवं ते बोलून दाखवावं लागणं, त्यातला संकोच, समोरच्याने उत्तरासाठी थांबून राहणं. अर्ज कुठे आहे यात?

गुपचूप_वाचक

आता बोलतेच. संमतीचा मुद्दा निघालाय तर त्याची दुसरी बाजू. मला कधीकधी अशा कथा आवडतात ज्यात नायिकेच्या हातात काहीच नसतं. प्रत्यक्षात कोणी तसं वागलं तर मी पोलिसांत जाईन. पण वाचताना पान मी उलटते, थांबवते मी, वगळते मी. नायिकेचा ताबा सुटला तरी माझा सुटत नाही. हे ज्या लेखकाला कळतं त्याचा काळोखही चालतो. न कळणारा लेखक ती कथा स्वतःच्या इच्छेचं समर्थन म्हणून लिहितो, आणि ते दुसऱ्या परिच्छेदात समजतं. कसं समजतं ते सांगता येणार नाही. म्हणजे येईल: नायिकेच्या डोक्यात काय चाललंय याबद्दल त्याला कुतूहलच नसतं.

आणि तिरकी_रेघ म्हणाल्या तसं, आधी इशारा द्या. अंगावर येऊ नका.

ओलीशाई

गुपचूप, तुम्ही आधीपासून का बोलत नव्हतात!

गुपचूप_वाचक

धाग्यावर "काका" किती आहेत ते मोजत होते.

दुपारची_झोप

काका हजर आहे. :)

एक शंका. बाईच्या तोंडून कथा सांगितली की ती बाईची झाली, असं होत नाही ना? आपल्या लावणीत बोलणारी बहुतेकदा बाईच असते. ती रुसते, बोलावते, अडवते. पण जुन्या लावण्या रचणारे शाहीर पुरुष आणि समोर बसलेलेही मुख्यतः पुरुष. मग ती बाई जे बोलते ते पुरुषांना ऐकायला आवडेल तेच. उलट गाथासप्तशतीत सखीशी बोलणाऱ्या बायका भेटतात. घरच्यांच्या कानांवर पडेल म्हणून आडून बोलतात, आणि त्या आडून बोलण्यातच चावटपणा आहे. त्या गाथा कोणी रचल्या हा वेगळा विषय, पण *कोणाशी बोलतेय* याने बाईचा आवाज किती बदलतो बघा.

पानगळ

काका, हे झकास. म्हणजे लेखकाने लिहिताना विचारायचं: ही गोष्ट नायिका प्रियकराला सांगतेय, की जवळच्या मैत्रिणीला? मैत्रिणीला सांगताना ती हसण्याजोगा तपशीलही सांगेल. पायात गोळा आला, बटण निघेना, नको तेव्हा शिंक आली.

ढ_विद्यार्थी

पिन सापडली म्हणायची.

कोपऱ्यातला_वाचक

लेखक पुरुष की बाई याने फरक पडतो का मग? पुष्कळ पुरुष बाईच्या टोपणनावाने लिहितात, कारण तसं जास्त वाचलं जातं.

खडूस_संपादक

नावावरून ओळखायला जाऊ नका. 1954 मध्ये फ्रान्समध्ये पोलिन रेआज या नावाने एक अतिशय धीट कादंबरी आली. बाई असं लिहूच शकत नाही, हा कोणी पुरुषच असणार, अशी पैज मारणारे तेव्हा होते. चाळीस वर्षांनी, 1994 मध्ये दोमिनिक ओरी या संपादक बाईंनी जाहीरपणे सांगितलं की ते मी लिहिलं. झाँ पोलाँ या आपल्या प्रियकरासाठी लिहिलं होतं. म्हणजे वाचकवर्ग वगैरे काही नाही, एकच वाचक. मला वाटतं त्या लेखनाची धग तिथून आली.

तिरकी_रेघ

त्याच न्यायाने, दोन पुरुषांच्या प्रेमकथा बायका बायकांसाठी लिहितात आणि चवीने वाचतात. जपानी कॉमिक्समध्ये 1970 च्या दशकापासून ही मोठी परंपरा आहे. तिथे तर बाईचं शरीर खोलीतच नाही, तरी वाचणारीला जागा आहे. किंबहुना म्हणूनच आहे. तिच्या शरीराला कोणी मार्क देत नाही, आणि दोघांपैकी कोण कमी कोण जास्त हे आधीच ठरलेलं नसतं.

स्वल्प

आणि दोन बायकांची कथा? आठ-दहा जणांनी लिहून झालं, पण प्रत्येकाच्या खोलीत एक "तो" आहेच. स्त्री-वाचक म्हणजे पुरुष आवडणारी स्त्री हे कोणी ठरवलं? मी बायकांवर प्रेम करणारी बाई आहे. मला वाचायला मिळतं ते बहुतेक पुरुषांनी पुरुषांसाठी लिहिलेलं. दोघी अगदी एकसारख्या देखण्या, नखं वाढवलेली (!), आणि शेवटी दारातून एक पुरुष येतोच. नखांवरून लेखक ओळखता येतो, एवढंच सांगते.

ओलीशाई

स्वल्प, मान्य. माझा सगळा पहिला प्रतिसाद "तो" धरूनच होता. तुमच्या मते दोघींच्या कथेत कॅमेरा कुठे असावा?

स्वल्प

दोघींकडे. ती बघते आणि तिच्याकडे बघितलं जातं, एकाच वेळी. स्वतःचं शरीर कसं आहे हे समोरच्या शरीरावरून समजत जातं. कुठे हात लावला तर काय होईल हे अर्धं माहीत असतं आणि तरी नेम चुकतो. ते नेम चुकणंही लिहा. सगळं पहिल्याच फटक्यात जमणारी माणसं मला तरी खोटी वाटतात.

मावळतीची_उन्हं

वयाने इथल्या बऱ्याच जणांपेक्षा मोठी आहे, म्हणून स्पष्ट लिहिते. प्रत्येक कथेतली नायिका चोवीस वर्षांची का? पाळी थांबल्यावर शरीर बदलतं, कोरडेपणा येतो, वेळ जास्त लागतो, काही गोष्टी दुखतात. इच्छा मात्र पुष्कळ जणींची शाबूत असते, काहींची तर जबाबदाऱ्या उरकल्यावर प्रथमच मोकळी होते. मग नायकाने आपणहून वंगणाची बाटली जवळ ठेवली आहे, असं एकदा तरी वाचू द्या की! कादंबरीतल्या कुठल्याही गुलाबापेक्षा मला ते जास्त चेतवेल. शस्त्रक्रियेचा व्रण असलेली, एक स्तन नसलेली, गुडघा न वाकणारी बाईही हवीशी वाटू शकते, आणि तिला कोणीतरी हवंसं वाटू शकतं. दया म्हणून नको. तिच्यावर उपकार करणारा नायक तर अजिबात नको.

मधला_बाक

टाळ्या. ब्रेकवरच्या माझ्या लांबलचक प्रतिसादाला तुमची एक बाटली पुरून उरली.

दुपारची_झोप

गुडघा न वाकणारे नायकही येऊ द्यात. हात वर करतोय.

पानगळ

एक राहिलं. *नंतरचं* कोणी लिहितच नाही. पुरुषांच्या कथा परमोच्च क्षणाला संपतात, दिवे गेल्यासारख्या. मला नंतरची पाच मिनिटं हवी असतात. कोण आधी बोललं, कोणाने कपडे शोधले, काही विचित्र वाटलं का, हसू आलं का. वरच्या "काहीतरी बदललं पाहिजे" या कसोटीचं उत्तर तिथेच मिळतं.

अर्धविराम (धागाकर्ता)

सगळं वाचतोय, अनेकांना स्वतंत्र उत्तर द्यायचं राहिलंय. बोलण्यापेक्षा नमुना देतो. एकाच प्रसंगाचे दोन खर्डे, प्रकाशनसंस्थेत काम करणारे दोघे, रात्रीची वेळ. पहिला जुना:

"कंदिलाच्या उजेडात तिची कमनीय काया उजळून निघाली होती. श्वासाबरोबर वर-खाली होणाऱ्या तिच्या उन्नत वक्षांवरून त्याची नजर हटेना. त्याच्या बलदंड हातांनी तिला जवळ ओढताच तिचा सारा विरोध वितळून गेला."

आणि काल रात्री लिहिलेला:

"तो मोठ्याने वाचत होता, ती मुद्रितावर पेन्सिल फिरवत होती. तिसऱ्या ओळीला त्याचा आवाज अडखळला.
'पुन्हा,' ती म्हणाली. मान वर केली नाही.
त्याने वाचलं. ओळीत चूक नव्हती. दोघांनाही दिसत होतं.
'पुन्हा.'
या वेळी तो हळू वाचू लागला. तिने पेन्सिल ठेवली, उठली, दाराची कडी लावली आणि त्याच्या मागे येऊन उभी राहिली. शर्टाची कॉलर दोन बोटांनी बाजूला केली. मानेवर शाईचा डाग होता. तो तिला संध्याकाळपासून दिसत होता.
'थांबू का?' त्याने विचारलं.
'वाचायचं थांबू नकोस.'"

तिरकी_रेघ

दुसरा. आणि पुढचा भाग थेट लिहा, कृपया. इथवर आणून पडदा पाडलात तर भांडण होईल.

ओलीशाई

डाग संध्याकाळपासून दिसत होता, तिथे माझं काम झालं. "दोघांनाही दिसत होतं" काढून बघा, त्याशिवायही कळतंय.

खडूस_संपादक

"दोघांनाही दिसत होतं" काढाच. आणि पहिल्या खर्ड्यातला कंदील कुठून आला? प्रकाशनसंस्थेत वीज नाही?

मावळतीची_उन्हं

दोघांची वयं सांगू नका. मी माझी घालून घेते.

स्वल्प

"तो"च्या जागी "ती" घालून वाचला. चालला. कॉलरपाशी तर छानच चालला.

सावनी_क

मला अल्पमतात टाका, पण पहिलाही वाईट नाही. दुसरा हुशार आहे. कधीकधी दिवसभराच्या दमणुकीनंतर मला हुशार नको असतं, बलदंड हातच हवे असतात. फक्त तो "विरोध" काढा. तिचा विरोध होता हे त्या परिच्छेदात त्याआधी कुठे आलंय?

अर्धविराम (धागाकर्ता)

सावनी, खरंय, कुठेच आलेलं नाही. तो काढतो. कंदील विझवला. पुढचा भाग रविवारी टाकतो, वर ठळक इशारा देऊन.

गुपचूप_वाचक

रविवार फार लांब आहे.